लष्करी विमानांच्या आवाजाची तक्रार: कोल्हापूर जिल्ह्यातल्या लोकांनी नेमकी कशी करायची, कुठं करायची

आमच्या भागातनं विमानांच्या आवाजाबद्दल आत्तापर्यंत चार निवेदनं गेली, त्यातलं एक मीच लिहिलेलं, आणि चारही वाया गेली. कारण सगळ्यांत मागणी म्हणून एकच वाक्य होतं, "लष्करी विमानांमुळं नागरिकांना प्रचंड त्रास होत असून ती त्वरित बंद करावीत." तारीख नाही, वेळ नाही, कुणाचं काय झालं ते नाही. खाली दीडशे सह्या, त्यातल्या चाळीस एकाच पेननं एकाच हातानं. माझ्या निवेदनावर एका ऑफिसातनं दोन ओळींचं उत्तर आलं, विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. राग आला, पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

पाचव्या वेळी क्रम बदलला, तेव्हा पहिल्यांदा आवक क्रमांकाच्या पुढं काहीतरी हललं. तो क्रम खाली देतोय. पायऱ्या उलट्यासुलट्या करू नका, लोक तिथंच फसतात.

१. आधी आवाज कशाचा ते ठरवा

"लष्करी विमान" म्हणून लोक जे सांगतात त्यातलं बरंचसं लष्करी नसतं.

नुसता एकदा धडाम झाला आणि आकाशात काहीच दिसलं नाही, तर लगेच विमानावर जाऊ नका. जवळ दगडाची खाण किंवा क्रशर असेल तर सुरुंगाची वेळ विचारा. फरशी हलली, टांगलेला बल्ब झुलला तर कोयनेकडचा धक्का असू शकतो, सरकारचं 'भूकंप' नावाचं अ‍ॅप आहे त्यात बघा. विमान आवाजापेक्षा जास्त वेगानं गेलं की होणारा धमाका वेगळा असतो, एक किंवा लागोपाठ दोन ठोके, काचा थरथरतात आणि तो लांबवर ऐकू जातो. म्हणून लगेच दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्यांना फोन लावा. कागल आणि पन्हाळा दोन्हीकडं मिनिटाभराच्या फरकानं ऐकू आलं असेल तर ती तुमच्या गावची खाण नव्हे.

विमान दिसलं असेल तर फ्लाइटरडार२४ उघडा, आकाशातली विमानं नकाशावर दाखवणारं ते अ‍ॅप आहे. त्यात दिसलं की ते बहुतेक नागरी, म्हणजे उजळाईवाडीला येणारं-जाणारं, नाहीतर वरनं जाणारं. त्याची तक्रार विमानतळाच्या संचालकांकडं जाते, हा लेख त्यासाठी नाही. त्यात दिसलंच नाही तर लष्करी असण्याची शक्यता वाढते, कारण लढाऊ विमानं अशा अ‍ॅपवर सहसा दिसत नाहीत. पण शक्यताच, पुरावा नव्हे. छोटी विमानं आणि निवडणुकीतली हेलिकॉप्टरं पण कधीकधी दिसत नाहीत.

⚠ महापुराच्या दिवसातली हेलिकॉप्टरं यात धरू नका. २०१९ ला शिरोळकडं माणसं त्याच हेलिकॉप्टरांच्या आशेवर होती, आणि त्या तारखा तक्रारीत घातल्या की बाकीच्या खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडतो.

२. वही घाला, किमान १५ दिवस

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात कामाचं पण हेच. शंभर पानी वही घ्या आणि पेन सुतळीनं वहीला बांधा, नाहीतर पोरं पेन नेतात आणि नोंद राहते. आमची वही गोठ्याच्या खांबाला खिळ्याला अडकवलेली असते, कारण आवाज झाला की पहिला गोंधळ तिथंच होतो.

प्रत्येक नोंदीत एवढं पाहिजे: तारीख, मोबाईलच्या घड्याळातली वेळ, किती सेकंद, किती विमानं, जेट की पंख्याचं की हेलिकॉप्टर, कुठून कुठं गेलं, तुम्ही त्या वेळी कुठं होता, आणि काय झालं. आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"मंगळवार, संध्या. ५.४०. दोन जेट, एकामागं एक. देवळाकडनं येऊन शाळेवरनं ओढ्याकडं. ९ सेकंद. मी गोठ्यात धार काढत होतो. म्हशीनं बादली लाथाडली, अर्धी धार गेली, परत पान्हवली नाही. अ‍ॅपवर काही नाही."

बस एवढंच. "भयंकर", "कानठळ्या बसवणारा" असले शब्द वहीत नकोत.

ज्या दिवशी काहीच आलं नाही त्या दिवशी तारीख टाकून "काही नाही" लिहा. हे कुणीच करत नाही, पण वाचणारा अधिकारी आधी तेच बघतो, कारण १५ दिवसांपैकी ११ दिवस "काही नाही" लिहिणारा माणूस उरलेल्या ४ दिवसांबद्दल खोटं बोलत नसणार. आणि वही एका घरात ठेवू नका, गावाच्या तीन टोकांना तीन घरं निवडा, एकमेकांचं बघून लिहायचं नाही. वेळा दोन-तीन मिनिटं मागंपुढं झाल्या तर चालतं, उलट तंतोतंत जुळल्या तरच संशय येतो.

*उंचीचं काय लिहायचं*

"५० फुटांवरनं गेलं" हे वाक्य आमच्या चारही निवेदनात होतं आणि चारही ठिकाणी ते चुकीचं असणार. मोकळ्या आभाळात उंचीचा अंदाज माणसाला येतच नाही, त्यात जेट मोठं असलं की ते जवळ वाटतं. आकडा लिहायच्या ऐवजी काय दिसलं ते लिहा. पंखावरच्या खुणा दिसल्या का, टाकीच्या आडनं गेलं की वरनं. विमान बरोबर डोक्यावर आल्यापासून आवाजाचा मोठा लोट येईपर्यंत सेकंद मोजा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंद लागले तर अंतर किलोमीटरभर. मोजणी कच्ची आहे पण "५० फुटां"पेक्षा हजारपट बरी.

पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर राहणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्या की तुम्ही स्वतःच उंचावर आहात, खोऱ्यातनं जाणारं विमान तुम्हाला समोर दिसणार, म्हणून ते खाली आलं असं नाही. राधानगरी, भुदरगडच्या खोऱ्यात आवाज डोंगराला आपटून परत येतो, एकाच विमानाची दोन विमानं होतात.

*डेसिबल अ‍ॅप*

वापरा, पण त्यावर भांडू नका. फोनचा माईक बोलण्यासाठी केलेला असतो, जेटच्या आवाजाला तो वरच्या टोकाला जाऊन अडकतो आणि आकडा खोटा पडतो. एकाच फोनवर, एकाच जागी, रोजचा शांत आकडा आणि विमानाचा आकडा, एवढी तुलना चालेल.

दुसरी चूक याहून मोठी. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलंय, लोक ते उचलून अर्जात घालतात. तो आकडा ठराविक वेळेतल्या सरासरीचा आहे. नऊ सेकंदाचं जेट सरासरीत विरघळून जातं आणि वर उत्तर येतं की मर्यादेत आहे! झालं, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटला. म्हणून सरासरीच्या वाटेला जायचं नाही. अचानकपणा, किती वेळा, कुठल्या वेळेला आणि परिणाम काय, या चार गोष्टींवर बोलायचं.

✔ पुढं जायच्या आधी: तीन वह्या, १५ दिवस, रिकामे दिवस धरून. नसेल तर थांबा.

३. नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी हलायचं

वहीसाठी १५ दिवस मिळतात, नुकसानीसाठी नाही.

*म्हैस, गाय.* दचकलेलं जनावर पान्हा चोरतं हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण साहेबाला कागद लागतो. तो कागद तुमच्याकडं आधीच आहे, डेअरीची स्लिप. लिटर, फॅट, एसएनएफ, तारीख, सकाळ की संध्याकाळ, सगळं छापलेलं. विमान आलेल्या दिवसाच्या आधीच्या दहा दिवसांच्या आणि नंतरच्या दहा दिवसांच्या स्लिपा वहीत चिकटवा. स्लिपांची शाई महिन्याभरात उडते, म्हणून आधी झेरॉक्स मारा. फरक एखाद-दुसऱ्या वेळेपुरताच दिसला तर तेवढाच लिहा. वैरण बदलली असेल, म्हैस माजावर असेल तर तेही लिहा, लपवलं की डॉक्टर दोन मिनिटात ओळखतो.

जनावर दावं तोडून पळालं, पडलं, गाभ गेला किंवा मेलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर दाखल्यावर घालून घ्या. मेलेलं जनावर शवविच्छेदनाच्या आधी पुरू नका. त्याच दिवशी तलाठ्यांना पंचनाम्यासाठी लेखी कळवा, तोंडी नको.

*पोल्ट्री.* पक्षी घाबरले की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरतात. मेलेले उचलायच्या आधी ढीग जसा आहे तसा फोटो काढा, मग मोजा. रोजच्या मरतुकीचं रजिस्टर असतंच, त्यात त्या दिवसाचा आकडा वेगळा उठून दिसतो.

*भिंत, काच.* इथं जपून. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात आपोआप तडकतात. तडा गेला की दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख घाला आणि फोटो काढा. दर आठवड्याला बघा, वाढली तर नवी रेघ. तड्यात धूळ आणि कोळ्याचं जाळं असेल तर तो या वर्षीचा नाहीच, त्याचं नाव घेऊ नका, आमच्याकडं एकानं घेतलं आणि अख्ख्या गावाचा अर्ज हसण्यावारी गेला.

⚠ विमानातनं काही पडलेलं सापडलं तर हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा आणि जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर. हे एवढंच प्रकरण पोलिसांचं.

४. मागायचं काय ते आधी ठरवा

"विमानं बंद करा" ही मागणी करूच नका. सराव देशासाठी आहे, तो तुमच्या-माझ्या अर्जावर बंद होत नाही, आणि असा अर्ज वाचणाऱ्याला फाईल बंद करायला एक वाक्य पुरतं. शिवाय नागरी विमानांचा कायदा, जुना १९३४ चा, सैन्याच्या विमानांना लागूच नव्हता. त्यामुळं डीजीसीएकडं, म्हणजे नागरी विमानांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या ऑफिसाकडं जाऊन लष्करी विमानाची तक्रार करणं म्हणजे एसटीची तक्रार रेल्वेच्या खिडकीवर.

मग काय मागायचं? मिळण्यासारखं. मोठा सराव असेल तर जिल्हा प्रशासनामार्फत गावाला आधी कळवावं. दहावी-बारावीच्या परीक्षेचे दिवस आणि धारेच्या वेळा शक्य तिथं टाळाव्यात. दवाखाना, शाळा, पोल्ट्रीचे शेड असलेला पट्टा दाखवून मार्ग थोडा सरकवता येतो का बघावं. तक्रार घ्यायला एक पद आणि एक पत्ता द्यावा. पंचनामा झालेल्या नुकसानीचा दावा कुठं करायचा ते सांगावं. यातल्या दोन किंवा तीनच मागण्या घाला, पाचही नको.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आपल्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहे, सैनिक टाकळीसारखं गाव आपल्याकडं आहे. अर्जाची भाषा जरा चुकली की गावातच दोन तट पडतात, "आर्मीच्या विरोधात चाललाय व्हय रं?" असं तोंडावर विचारतात. त्यावर उपाय एकच, पहिल्या बैठकीलाच गावातले माजी सैनिक बोलवा, मसुदा त्यांना वाचायला द्या. आमच्या गावच्या सुभेदार काकांनी माझ्या मसुद्यातली अर्धी विशेषणं खोडली आणि "विनंती" शब्द तीन ठिकाणी घातला. पोरांना आवडलं नाही. पण उत्तर आलं ते त्याच मसुद्याला.

५. अर्ज कुणाला

मुख्य अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, टपाल शाखेत देऊन पोच घ्यायची, प्रत निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना. सैन्यदलाशी पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत गेला की त्याला वजन येतं.

विमान कुठल्या तळावरचं हे तुम्हाला माहीत नसतं, आणि अर्जात तसंच लिहा. लोक सांबऱ्याच्या हवाई दल तळाकडं बोट दाखवतात कारण बेळगाव जवळ, पण तिथं मुख्यतः एअरमेनचं, म्हणजे हवाई दलातल्या जवानांचं प्रशिक्षण चालतं. सुखोई लढाऊ विमानं पुण्याच्या लोहगावला आहेत, नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं गोव्यात आयएनएस हंसा तळावर. जेट कुठलंही असू शकतं, म्हणून "अमुक तळावरच्या विमानांनी" असं न लिहिता "संबंधित हवाई दल किंवा नौदल तळास कळवावे" असं लिहायचं. प्रती हव्या तर लोहगावच्या एअर ऑफिसर कमांडिंग यांना आणि हंसाच्या कमांडिंग ऑफिसरना स्पीड पोस्टनं पाठवा. पदाच्या नावानं पाठवा, माणसाच्या नाही, बदल्या होतात.

कुठं जायचं नाही: पोलीस ठाणं, कारण गुन्हा काय दाखल करणार. प्रदूषण मंडळ, त्यांच्या हातात कारखाने आणि डीजे, फायटर विमान नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ते माजी सैनिकांच्या कामासाठी आहे. आणि कोल्हापुरातली टीए, म्हणजे प्रादेशिक सेनेची बटालियन, ते पायदळ आहे हो, त्यांच्याकडं विमानं कुठली!

६. अर्ज लिहिणं

एक पान, त्यापेक्षा जास्त नको. वह्या, स्लिपा, दाखले मागं जोडायचे, त्यांना क्रमांक घालायचे. मजकूर साधारण असा:

"विषय: मौजे ____, ता. ____ परिसरात कमी उंचीवरून होणाऱ्या लष्करी विमान सरावाबाबत पूर्वसूचना मिळणेबाबत विनंती.

महोदय, दि. __ ते दि. __ या १५ दिवसांत आमच्या गावावरून एकूण __ वेळा जेट विमाने गेली. तीन ठिकाणच्या स्वतंत्र नोंदी सोबत जोडल्या आहेत (जोडपत्र १). विमाने नागरी असल्याचे आढळले नाही, तळ आम्हाला माहीत नाही. पैकी __ वेळा धारेच्या वेळेस गेल्याने दूध घटले, स्लिपा जोडपत्र २. सरावाची गरज आम्ही जाणतो. विनंती एवढीच की: (१)… (२)…"

खाली सरपंचांची सही-शिक्का आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. ठराव मासिक सभेचा नको, ग्रामसभेचाच, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. सह्या वीस पुरतात, पण ज्याची त्यानंच करायची.

✔ आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर पडली का? "ठेवून जावा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही.

⚠ याच काळात व्हिडिओ व्हायरल करायचा मोह होतो. विमान कुठून कुठं, किती वाजता, असे व्हिडिओ टाकत बसू नका, तणावाच्या काळात तर अजिबात नको. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं केंद्रानं माध्यमांना बजावलं होतं, तीच समज आपण पण ठेवायची. वहीतला मजकूर अर्जाला, ग्रुपला नाही. ड्रोन उडवून उंची मोजायची कल्पना एका पोरानं काढली होती, ती पण नको, विमानतळाच्या भोवती रेड झोन आहे, तिथं परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. लेझर मारणं तर सरळ गुन्हा.

७. ऑनलाइन तक्रार आणि माहिती अधिकार

जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज जाऊन महिना झाला, मगच इकडं. सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर, मोबाईल नंबरनं नोंदणी करा, संरक्षण मंत्रालय निवडा, तोच अर्ज पीडीएफ करून जोडा, आवक क्रमांक लिहा. सोबत हिंदी तर्जुमा दिला तर फिरतं पटकन. २०२४ पासून निकालाची मुदत २१ दिवसांची धरलीय. समाधान न होता बंद केली तर तिथंच अपील करता येतं, तीस दिवसांच्या आत.

'आपले सरकार' पोर्टलवर टाकू नका, ते राज्याचं आहे.

माहिती अधिकारात लोक हमखास एकच चूक करतात, उड्डाणांचं वेळापत्रक मागतात. ते देशाच्या सुरक्षेच्या कारणावरनं कलम ८(१)(अ) खाली नाकारलं जाणार आणि नाकारायलाच पाहिजे. विचारायचं असं: मागच्या तीन वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातून विमानांच्या आवाजाच्या किती तक्रारी आल्या, त्यावर काय कार्यवाही केली, तक्रार कुठल्या पदाकडं जाते, नुकसानीच्या दाव्याची पद्धत काय, त्या परिपत्रकाची प्रत. "का" नं सुरू होणारा प्रश्न एकही नको.

फी १० रुपये, पण केंद्राच्या अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, आपण इथं सवयीनं तोच चिकटवतो आणि अर्ज परत येतो. केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर ऑनलाइन भरा नाहीतर पोस्टल ऑर्डर काढा. जिल्हाधिकारी कार्यालयाला वेगळा अर्ज, तिथं स्टॅम्प चालतो, पण राज्याच्या नियमात १५० शब्द आणि एकच विषय. उत्तर ३० दिवसात, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील.

८. तरीही काही नाही झालं तर

आमदारांकडं नंतर, आधी खासदारांकडं. संरक्षण हा केंद्राचा विषय, विधानसभेत त्यावर काही होत नाही. तुमचं गाव कोल्हापूर मतदारसंघात की हातकणंगल्यात ते बघा आणि त्या ऑफिसात आवक क्रमांक, सीपीग्राम्स नंबर, वहीच्या झेरॉक्स अशी एकच फाईल द्या. लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारा असं लेखी मागा, लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येतं.

कोर्ट सगळ्यात शेवटी. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, मुंबईचा खर्च वाचला, पण म्हणून उठून याचिका टाकू नका. वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, अर्ज केला होता का, उत्तर काय आलं. नुकसानीचा दावा असेल तर पंचनामा आणि दाखल्याची मूळ प्रत घेऊन जा, झेरॉक्सवर सल्ला मिळतो, दावा उभा राहत नाही.

आणि वही बंद करू नका. आमच्याकडं पत्र आलं तसं लोकांनी वही काढून ठेवली, दोन महिन्यांनी परत जेट आली तेव्हा "आधीपेक्षा कमी झाली का?" या साध्या प्रश्नाला कुणाकडं उत्तर नव्हतं. आता महिन्याला एक पान, पहिल्या तारखेला नवीन, पेन तसंच सुतळीला बांधलेलं.